कमरेत चौऱ्याऐंशी मिलिमीटर

२ डिसेंबर

कड संपली म्हणे! मायनराडने माझी स्की उलटी धरली, पोलादी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि डॉक्टर वाईट बातमी देताना करतात तसं तोंड केलं.

"बाई, घासायला आता काही उरलंच नाही. अजून एकदा धार लावली तर पोलाद हातात येईल."

माझाच विद्यार्थी. आता पन्नाशीचा झाला, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या पायथ्याशी दुकान टाकून बसला, तरी शाळेतल्यासारखं बाईच म्हणतो. बरं, म्हणाले, नवी दाखव. तर याने काय काढावं? जांभळी! टोकाला फुलं!

"ही बायकांसाठी खास. हलकी आहे, मऊ आहे. तुमच्या वयाला —"

वाक्य पुरं केलं नाही. शाळेतही करत नसे. आमच्या मठातल्या शाळेत सिस्टर एरेन्ट्रूड अर्धं वाक्य बोलणारीला अर्धंच जेवण वाढायच्या. याला तसं कोणी भेटलं नाही.

"मायनराड," मी म्हणाले, "या खोऱ्यातल्या निम्म्या स्की-शिक्षकांच्या परीक्षा मी घेतल्या आहेत. फुलं बागेत लाव."

दुकानातले, सुट्टीला आलेले पाहुणे हसले. तो लाल झाला. घरी आले. ही गोष्ट मीठ लावून सांगावी असं घरी कोणी नाही, म्हणून इथे लिहिली.

३ डिसेंबर

परवा लिफ्ट सुरू. दर वर्षी आजच्या दिवशी ओटिलीचा फोन येतो. "सकाळची पहिली?" मी म्हणायचं, "पहिली." एवढाच फोन. माझा नवरा अलोइस होता तेव्हा म्हणायचा, तुम्हा दोघींचं बोलणं लष्करासारखं असतं.

आज फोन आला नाही. मीही केला नाही. का करावा?

एक मात्र ठरवायला हवं. एकटीने वर जाऊन एकटीने खाली यायचं, की नवी स्की न घेता हा प्रकारच संपवायचा. एकाहत्तराव्या वर्षी स्की संपवली तर गावात कोणी विचारणारही नाही. हेच तर वाईट.

४ डिसेंबर

संत बार्बराचा दिवस. चेरीची फांदी तोडून पाण्यात ठेवली. नाताळपर्यंत फुलली तर वर्ष चांगलं जातं म्हणतात. फुलली तर फुलली.

फोन का नाही, ते लिहूनच काढते. नोव्हेंबरात बेकरीच्या दारात ओटिली समोरून आली. माझी दाढ ठणकत होती, मफलर नाकापर्यंत, बोलवत नव्हतं. मी नुसतं दार धरलं. तिने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही आधी व्हा. मला घाई नाही."

तुम्ही!

एका बाकावर बसलो, एकाच दिवशी शिक्षक झालो, एकमेकींच्या नवऱ्यांना पुरलं. आणि तुम्ही! आमच्या गावात 'तू'वरून 'तुम्ही'वर कोणी सहज जात नाही. वरच्या आळीतले दोघे भाऊ कुरणाच्या कुंपणावरून कोर्टात गेले, तेव्हापासून एकमेकांना तुम्ही म्हणायला लागले. थोरला गेला तर धाकटा शवपेटीलाही म्हणाला, "येतो आता, तुम्ही सांभाळून जा." 'तुम्ही' म्हणजे आमच्याकडे दार लावून घेणं.

मी काय केलं होतं? मार्चमध्ये ती एका उताराच्या मध्येच थांबली आणि दमले म्हणाली, तेव्हा तिला म्हातारी म्हणाले होते. एवढंच. त्याआधी ती मला डुकरीण म्हणाली होती, आम्ही दोघी हसलो होतो.

मग पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात मी विचारलं, "तुमची प्रकृती बरी आहे ना, ओटिलीबाई?" थोबाडीत बसल्यासारखी वळली. तडक पायऱ्या उतरून गेली. बरोबर लागलं, असं वाटून मला बरं वाटलं. दुपारच्या सूपपर्यंत.

६ डिसेंबर

गेलेच. एकटी. केबिनमध्ये सहा जणांची जागा, पाच जर्मन आणि मी. ते आपापसात बोलले.

मायनराड चाचणीच्या स्की खांद्यावर घेऊन मधल्या टप्प्यावर हजर. जांभळीची भरपाई करायची होती बहुतेक. जंगल संपेपर्यंत "बाई, तुम्ही", ते संपलं की "बुर्गी, तू". वरचा नियमच तो. मंत्री असो की धर्मगुरू, वर सगळे तू.

"कमरेला रुंद घेऊन बघ," म्हणाला. कंबर म्हणजे बुटाखालची जागा, जिथे स्की सगळ्यात अरुंद असते. माझ्या जुनीची सहासष्ट मिलिमीटर. हा ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी असलं काही घेऊन आलेला.

"त्या फळ्या आहेत," मी म्हणाले. "रानातल्या मऊ बर्फात तरंगायला. विंचरलेल्या उतारावर फळी कशाला? रात्रभर यंत्र फिरवून ते उतार विंचरतात, तो काय तरंगायला?"

"बुर्गी, तू इतकी कलतेस की तुझा बूट बर्फाला घासतो. मी मागून बघितलंय. खाली रुंदी असली तर नाही घासणार. आणि दुपारी आता विंचरलेलं कुठे उरतं? अकरानंतर सगळं ढेकळं. तुझी सहासष्ट त्यात रुतते."

दोन्ही खरं. म्हणून जास्त राग आला.

पहिली बायकांची, ब्याऐंशी. कलवली की टोक थडथडतं. आत धातूचा थर काढून टाकला आहे — बायकांना जड होतो म्हणे! दुधाची कासंडी उचलत मोठ्या झालेल्या बायकांना! दुसरी अठ्ठ्याऐंशी. तिला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेणं म्हणजे झोपलेल्या अलोइसला कुशीवर वळवणं. होतं, पण तोवर सकाळ होते.

त्याला म्हणाले, दोन्ही घेऊन जा. नंतर सेन्झीच्या टपरीवर जवाचं सूप घेतलं. सेन्झी मधल्या टप्प्यावरची ती झोपडी चालवते. सवयीने तिने दोन चमचे ठेवले आणि मग एक उचलला.

८ डिसेंबर

मारियाचा सण. चर्चमध्ये ओटिली दोन रांगा पुढे. वळली नाही.

१३ डिसेंबर

गेब्हार्डचा फोन, हॅम्बुर्गहून. "आई, तू आता स्कीऐवजी बर्फावर चालायला का जात नाहीस? काठ्या घेऊन. खूप जण जातात."

"कोण जण?"

"तुझ्या वयाचे."

मी विचारलं, तुझं वजन किती झालं. मग हवामानावर बोललो.

२४ डिसेंबर

शेवयांचं सूप, सॉसेज. एकच वाटी, दोनदा गरम केली. फांदीला एक कळी आली आहे. पांढरी की नुसती चिकटलेली धूळ, चष्मा लावूनही कळत नाही.

९ जानेवारी

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

पाहुणे परत गेले, उतार मोकळे झाले. मायनराडने तीन जोड सेन्झीच्या टपरीशेजारी बर्फात उभे करून ठेवले होते. "एकेक फेरी मार आणि मला शिव्या दे," म्हणून खाली गेला. मी स्की घालायला वाकले, तर टपरीसमोरच्या बाकावर ओटिली! केबिनने वर आलेली, पायात साधे बूट, उन्हाकडे तोंड. स्की नाही.

माझ्या मनात एकच आलं — बघ म्हणावं.

तिन्ही फेऱ्या तिच्या समोरून मारल्या. टपरीखालचा तो उभा तुकडा, जिथे उतार डावीकडे पडतो. तिसरी जोडी पुरुषांची, कंबर चौऱ्याऐंशी, आत धातूचे दोन थर, लांबी माझ्या नाकापर्यंत. तिच्यावर तर मी इतकी कलले की हातमोजा बर्फाला लागला. आणि बूट घासला नाही. ओटिलीने मान हलवली नाही की हात. दगड!

ट्रे घेऊन मुद्दाम तिच्या मागच्या टेबलाशी गेले. ती सेन्झीला सांगत होती, "पहिली पत्र्यासारखी वाजत होती. दुसरी घासत होती, कापत नव्हती. ही तिसरी मात्र कापते आहे. जाड कापड फाडल्यासारखी. कोण आहे ग हा? नवा शिक्षक दिसतो. चांगला आहे."

"अगं, बुर्गी ना ती!" सेन्झी म्हणाली.

"बुर्गी?"

मी ट्रे आपटला. "हो, बुर्गी! तीनदा नाकासमोरून गेले, बर्फ उडाला असेल अंगावर. ओळख दाखवायची नसेल तर नको दाखवूस, पण शिक्षक काय म्हणतेस!"

ती वळली. माझ्याकडे नाही — माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत राहिली.

"बुर्गी, मला आता मधलं दिसत नाही. कडेकडेने दिसतं. तुझं तोंड असतं तिथे एक करडा डाग आहे."

सेन्झी उभीच राहिली. मी बसले.

"बेकरीत —" मी म्हणाले, आणि मलाच वाक्य पुरं करता येईना.

"बेकरीत काय?"

"दार मी धरलं होतं."

"ती तू होतीस?" ओटिली म्हणाली. "मला वाटलं डॉक्टरांची बायको! तीच तशी मुकाट्याने दार धरते." मग थांबून, "आणि चर्चपाशी तू मला तुम्ही म्हणालीस. आवाज तुझाच होता. मला वाटलं, आता झालं. कशावरून ते कळेना. घरी जाऊन मूर्खासारखी रडले."

"विचारायचं नाही का?"

"तू नाही विचारलंस!"

"दोघी मूर्ख आहात," सेन्झी म्हणाली. "सूप गार होतंय." आणि दुसरा चमचा आणून आपटला.

मार्चमध्ये ती दमली नव्हती. उताराच्या मध्ये उतार नाहीसा झाला होता. कोणाला सांगितलं नाही. सून म्हणते स्की विकून टाक. स्की तळघरात आहेत.

१० जानेवारी

दोन महिने जपून ठेवलेला राग, आणि रागवायला कोणीच उरलं नाही. हात मोकळे मोकळे वाटतात.

१४ जानेवारी

ओटिलीला म्हणाले, चल स्कीला. मी पुढे, तू मागे. मी आवाज करते.

"मी काय गाय आहे, घंटेमागे जायला?"

"घंटा मी बांधून घेते. तू फक्त ये."

"तुझ्या नेहमीच्या स्कीचा आवाज सापासारखा, बुर्गी. मला मागे ऐकू येणार नाही."

तेव्हा आज मायनराडला परत वर बोलावलं. ओटिलीला उताराच्या पायथ्याशी बाकावर बसवलं. मी आधी हट्टाने अरुंदच घेतली, नवी अडुसष्ट. काय स्की आहे! सकाळच्या कडक, विंचरलेल्या बर्फावर सुरीसारखी. मनात आलं की वळण पुरं. माझ्या हाताखाली जन्मली असती तर अशीच जन्मली असती. खाली येऊन थांबले, डोळ्यांत पाणी, वाऱ्याने.

ओटिली म्हणाली, "निघालीस का?"

"तुझ्यापुढे उभी आहे!"

"बरं. ऐकू नाही आलं."

मग तीच चौऱ्याऐंशी. कड बदलायला उशीर लावते. डावीकडून उजवीकडे जाताना मध्ये एक क्षण ती सपाट पडून विचार करते आणि तेवढ्यात माझा जीव जातो. गुडघाही बोलला. पण कडेवर बसली की बसली. दोन रुळांवर चालावं तशी. आणि ओटिलीने ती कुठून ऐकली? वरच्या वळणापासून! बोटाने हवेत माझी वळणं काढून दाखवली, एकही चुकली नाही.

दुपारी ढेकळं झाल्यावर परत दोन्ही घेतल्या. आता मान वळवून मागे बघत खाली यायचं होतं — उद्या ओटिली मागे असणार ना! अडुसष्टने मला मागे बघू दिलं नाही. तिला सारखं पुढचं ढेकूळ दाखवावं लागतं. चौऱ्याऐंशी ढेकळांवरून निघून गेली, मी कुठे बघते आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

मायनराडने विचारलं, "मग, बुर्गी?"

"विचार करते आहे," म्हणाले. आयुष्यभर मी स्की पायांसाठी घेतली. दुसऱ्याच्या कानांसाठी घ्यायची म्हणजे काय! त्या अडुसष्टला मी शेवटी हात लावला तो कुत्र्याला लावतात तसा.

१८ जानेवारी

घेतली. चौऱ्याऐंशी, पुरुषांची, काळी. एक फूल नाही.

"शेवटी रुंदच ना, बाई!" मायनराडचा आनंद मावेना.

"तुझ्या सांगण्यावरून नाही. आवाजावरून."

"लोक रंग बघतात, वळणाची त्रिज्या बघतात. आवाजावरून स्की घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

धार सत्त्याऐंशी अंशांची लावून घेतली. रुंद असली म्हणून बोथट का असावी? मग त्याने भीतभीत बुटाची पकड जुळवायला घेतली. पन्नाशीनंतर स्प्रिंग एक पायरी ढिली करायची, म्हणजे पडल्यावर बूट लवकर सुटतो, असा नियम आहे. त्या पायरीवरून मी दर हिवाळ्यात दुकान डोक्यावर घेते.

"कर ढिली," म्हणाले.

तो स्क्रू फिरवायचाच विसरला. "बाई, बरं नाही का?"

"मागून ओटिली येणार आहे. मी पडून पाय मोडून घेतला तर ती उतारावर कोणाचं ऐकेल?"

२७ जानेवारी

पहिली लिफ्ट. दोघी. केबिनमध्ये ओटिलीने खिशातून पिवळा पट्टा काढला, तीन काळे ठिपके असलेला, न दिसणारे दोन्ही दंडांवर एकेक बांधतात तो. परत खिशात कोंबला.

"गुरांच्या कानातला बिल्ला आहे नुसता."

"दुसरा दे. मी पण बांधते."

"तुला कशाला?"

"घंटा बांधायची होती ना!"

बांधले दोघींनी.

उतार रिकामा, विंचरलेला, भांगासारख्या रेषा. पहिलं वळण छान. दुसरं छान. मागे बघितलं तर ओटिली थांबलेली. हात लांब, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तशी.

"कुठे गेलीस?" तिचा आवाज एवढासा.

मी उभ्या उतारावर तिरकी चढत परत गेले, या वयात. मग दोघींनी मिळून शोधून काढलं. स्की कडेवर असते तेव्हा बोलते. कड बदलताना गप्प होते. अरुंद पटकन बदलते, कळतही नाही. ही रुंद बाई मध्ये सपाट पडते आणि तेवढा वेळ ओटिलीसाठी जगात कोणी नसतं.

"मग तिथे तू बोल," ओटिली म्हणाली.

"काय बोलू?"

"तुला काय कमी आहे!"

तेव्हा मग प्रत्येक वळणाच्या सांध्यावर — "डावीकडे, गाढवे!" कापड फाटतं. "उजवीकडे, म्हातारे!" कापड फाटतं. "डावीकडे, किती रुंद घेतेस, कुरण विकत घ्यायचंय का!" मागून तीही सुरू. "गप, डुकरिणी, नीट चाल!" मधल्या टप्प्यावर पोचलो तर लाल जाकिटातला बचाव पथकाचा माणूस आडवा आला. कोणी पाहुण्याने कळवलं होतं, दोन बायका भांडत खाली येताहेत.

"काय झालं? कोणी कोणाला धडकलं का?"

"नाही रे," ओटिली त्याच्या कानाकडे बघत म्हणाली. "ही माझी घंटा आहे. जरा फुटकी मिळाली."

घरी आले. घर नेहमीसारखंच गप्प. दुकानवाल्या पोरीला फोनवर पाव सांगायला गेले तर आवाज निघेना. घसा बसला होता. किती महिन्यांनी!

३० जानेवारी

ओटिलीचा फोन. "पहिली?" "पहिली."

६ फेब्रुवारी

धुकं. वरच्या टप्प्यावर केबिनमधून बाहेर पडलो आणि खुणेचे खांब नाहीसे, उतार नाहीसा, माझी काळी स्कीसुद्धा नाहीशी. वर कुठे, खाली कुठे कळेना. मी काठ्या रोवून तिथेच उभी राहिले.

"तुला दिसत नाहीये ना?" ओटिली म्हणाली.

"नाही."

"मग हो बाजूला. माझं रोजचंच आहे."

ती पुढे गेली, मला शिव्या घालत. मी त्या शिव्यांच्या मागे. सेन्झीच्या दारात थांबल्यावर लक्षात आलं, सगळा उतार मी डोळे मिटून उतरले होते.